रोजच्या दिवसात स्वतःची काळजी : वाचकांचे प्रश्न

या महिन्यातल्या बहुतेक पत्रांत अडचण एकच दिसते. काय करायला हवं ते लोकांना ठाऊक आहे, पण ते दिवसात कुठं बसवायचं ते सुचत नाही. म्हणून उत्तरांमध्ये वेळ, प्रमाण आणि नेमकं कुठं चुकतं यावर भर दिला आहे. एक विनंती आधीच करतो : चालू असलेली औषधं इथलं वाचून कमी-जास्त करू नका.

प्रश्न : कुंडईला औषधांच्या कारखान्यात आहे. दर आठवड्याला पाळी बदलते. रात्रपाळी करून साडेसातला घरी येतो, पण दहापर्यंत झोप येत नाही आणि बाराला जाग येते. मग दिवसभर डोकं जड. मोबाईलवर सगळे सांगतात, पहाटे पाचला उठून व्यायाम करा. माझ्यासारख्यानं काय करायचं? — वाचक, फोंडा

पहाटे पाचचा सल्ला तुमच्यासाठी नाही, तो मनातून काढून टाका. तुम्हाला आधी झोप हवी, व्यायाम नंतर.

शरीराचं घड्याळ मुख्यतः उजेडावर चालतं आणि दिवसाला साधारण तासाभराहून जास्त सरकत नाही. रात्रपाळीशी ते जरा जुळू लागतं तोवर तुमचा आठवडा संपलेला असतो. त्यामुळे घड्याळ फिरवायच्या मागे लागू नका. चोवीस तासांत मिळून सातेक तास झोप पडली पाहिजे एवढंच बघा, आणि ती दोन तुकड्यांत घ्या.

पहिला तुकडा सकाळचा. कंपनीच्या बसनं येत असाल तर बसमध्येच काळा चष्मा लावा आणि घरात शिरेपर्यंत काढू नका. सकाळचं ऊन डोळ्यांत गेलं की मेंदूच्या लेखी दिवस उजाडतो. स्वतःची दुचाकी असेल तर चष्म्याचा विचार सोडा. गाडीला हात लावण्याआधी कारखान्यातच १५-२० मिनिटांची डुलकी काढा. रात्रपाळी संपल्यावर डोळा लागून होणारे अपघात हा या सगळ्या विषयातला सर्वांत मोठा धोका आहे.

घरी आल्यावर आंघोळ, वाटीभर पेज आणि साडेआठच्या आत अंथरूण. मोबाईल दुसऱ्या खोलीत. खिडकीला गडद कापड दुहेरी लावा. कडेनं उजेड येत असेल तर काळा कार्डबोर्ड कापून फटीत बसवा. पंखा वेगात ठेवा, त्याच्या एकसुरी आवाजात मासेवाल्याचा भोंपू आणि कुकरच्या शिट्ट्या बुडून जातात. घरच्यांना एक गोष्ट ठामपणे सांगा : दीडपर्यंत जेवायला उठवायचं नाही. बहुतेक रात्रपाळीवाल्यांची झोप इथंच मोडते, आणि तीही मायेपोटी.

दुसरा तुकडा संध्याकाळी सात ते साडेआठ. दीड तासाची झोप म्हणजे झोपेचं साधारण एक पूर्ण आवर्तन, त्यामुळे उठल्यावर गुंगी कमी राहते. मग पोटभर जेवून कामाला जा. मध्यरात्र ते पहाट या वेळात जड जेवू नका. तेव्हा पचन मंदावलेलं असतं, रात्रपाळीतल्या आम्लपित्ताचं एक मोठं कारण तेच. मूठभर चणे, केळं किंवा उकडलेलं अंडं पुरे. चहा-कॉफी पाळीच्या पहिल्या अर्ध्यातच, दोननंतर नको. कॅफिनचा परिणाम निम्म्यावर यायला पाचेक तास लागतात, म्हणजे चारला घेतलेली कॉफी नऊलाही अंगात असते.

झोप यावी म्हणून सकाळी बीअर किंवा फेणी घेणारे आहेत. त्यानं डोळा लवकर लागतो हे खरं, पण दारू उतरू लागली की झोप तुटते, लघवीला उठावं लागतं आणि घोरणं वाढतं. फायदा अर्ध्या तासाचा, तोटा दोन तासांचा. घोरताना श्वास मध्येच थांबतो असं घरच्यांनी पाहिलं असेल तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे किंवा छातीच्या डॉक्टरांकडे जा, पाळीला दोष देत बसू नका.

एक मागणी कारखान्यात सगळ्यांनी मिळून करण्यासारखी आहे. पाळ्यांचा क्रम सकाळ, दुपार, रात्र असा पुढे जाणारा ठेवावा. शरीराला झोप पुढे ढकलणं जमतं, मागे ओढणं फार जड जातं.

प्रश्न : सासूबाई पक्षाघातानं वर्षभर अंथरुणाला खिळून आहेत. सगळं मीच करते. कंबर गेली आहे. कधी कधी त्यांच्यावर ओरडते आणि नंतर रडते. 'स्वतःसाठी वेळ काढा' असं वाचलं की राग येतो. कुठून काढू? — वाचक, डिचोली

राग रास्त आहे. एका माणसाचं हे काम नाही आणि तुम्ही ते वर्षभर एकटीनं ओढलं आहे. त्यामुळे आधी कामाचा भार कमी करू, वेळेचं मग बघू.

कंबर बहुधा उचलताना जाते. यापुढे त्यांना उचलू नका, सरकवा. जुनी जाड सुती चादर चौपदरी करून त्यांच्या खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली कायम अंथरून ठेवा. वर सरकवायचं असेल तेव्हा दोन्ही बाजूंनी दोघांनी चादरीची कड अंगाजवळ घट्ट गुंडाळून धरायची, गुडघे वाकवायचे आणि एक-दोन-तीन म्हणून एकदम सरकवायचं. कूस बदलणं एकटीला जमतं. पलीकडचा गुडघा वाकवून घ्या, त्यांचा हात छातीवर ठेवा, मग खांदा आणि गुडघा धरून आपल्याकडे वळवा. तुमचा एक पाय पुढे, एक मागे हवा, म्हणजे कमरेऐवजी शरीराचं वजन कामाला येतं. खाट बुटकी असेल तर सगळा उपाय फुकट जातो. सुताराकडून मध्ये खोलगट खाच असलेले लाकडी ठोकळे करून घ्या आणि खाट तुमच्या कमरेच्या उंचीला आणा. नुसत्या विटा ठेवू नका, त्या घसरतात. बेडसोर टाळायला दिवसा दर दोन तासांनी कूस बदलणं आवश्यक आहे, त्यामुळे ही उंची सवडीनं करायची गोष्ट नाही.

आता वेळ. 'कुणीतरी मदत करा' असं म्हटलं की घरात कुणीच हलत नाही. माणूस, वार आणि तास ठरवून मागा : मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते सहा भावजी बसतील. पुरुष माणसाला हे जमणार नाही हे गृहीत धरू नका, सांगितलेलं नसतं म्हणून जमत नाही. एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून भिंतीला लावा : कुठली गोळी किती वाजता, पाणी आणि पेज भरवताना पाठ उभी करून बसवायचं, खाऊन झाल्यावर अर्धा तास आडवं करायचं नाही, ठसका लागला तर लगेच थांबायचं, फोन कुणाला करायचा. हा कागद नसेल तर त्या दोन तासांत तुम्हाला दहा फोन येतील आणि पुढच्या वेळी तुम्ही घराबाहेर पडणारच नाही. त्या दोन तासांत बाजारहाट उरकायची नाही. झोपा, देवळात जा, मैत्रिणीकडे बसा, काहीही, पण घरकाम नको.

खाण्याबद्दल थोडं. सगळ्यांचं झाल्यावर उभ्यानं शीत-कढी खाणाऱ्या बाईला संध्याकाळी पाचला अशक्तपणा येणारच. अकराची उकड्या तांदळाची पेज सोडू नका, पण तिच्याबरोबर नुसती लोणच्याची फोड किंवा खारं नको. वाटीभर आळसांदे (चवळी), मूग किंवा एक अंडं घ्या. बसून, दहा मिनिटं.

आणि ओरडणं. ते येण्याआधी शरीर खूण करतं : जबडा आवळतो, हात गरम होतात, आवाज चढतो. त्याच क्षणी, त्या सुरक्षित पडलेल्या असतील तर, खोलीबाहेर या. मनगटांवर गार पाणी सोडा आणि श्वास आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ द्या, असे दहा श्वास. मग आत जा. हात उगारावासा वाटू लागला असेल, किंवा सगळं संपवावं असे विचार येत असतील, तर ते थकव्याच्या पलीकडचं आहे. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, त्यावर बोला.

प्रश्न : वय ६७. उन्हाळ्यात रोज कोलवा किनाऱ्यावर चालतो. पावसाळा लागला की चार महिने बसून. चवथीपर्यंत गुडघे धरलेले असतात. — वाचक, मडगाव

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा या चार महिन्यांत, त्यामुळे घरातला कार्यक्रम हा पर्याय न राहता वर्षाच्या तिसऱ्या भागाचा मुख्य कार्यक्रम ठरतो. गुडघे चालण्यापेक्षा मांडीच्या स्नायूंवर जास्त अवलंबून असतात. ते ढिले पडले की सांध्यावर भार येतो. खरं तर किनाऱ्यावरच्या चालण्यानं न होणारं काम पावसाळ्यात करून घेता येतं.

खुर्चीवरून उठ-बस हा सगळ्यांत उपयोगी व्यायाम. बिनहाताची, साधारण ४५ सेंटिमीटर उंच, मजबूत खुर्ची भिंतीला टेकवा. पावलं नितंबांच्या रुंदीएवढी लांब, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. हात छातीवर. पुढे झुकून उठा, मग तीन आकडे मोजत हळू बसा; धपकन बसलात तर अर्धा व्यायाम वाया जातो. आठ ते दहा वेळा, दोन मिनिटं विश्रांती, असे तीन फेरे, दिवसाआड. गुडघे आत वळत असतील तर ते पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. उठताना श्वास सोडा, रोखलात तर रक्तदाब एकदम चढतो. सुरुवातीला जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा.

त्याच्या जोडीला स्वयंपाकघरातल्या ओट्याला हात लावून टाचा वर करणं १५ वेळा, भिंतीवर हात टेकवून जोर १० वेळा आणि एका पायावर उभं राहणं, आधी १० सेकंद मग ३० पर्यंत. हे शेवटचं रोज करा. या वयात पडणं हे गुडघेदुखीपेक्षा मोठं संकट असतं.

चालणं सोडू नका. सोप्यात, बाल्कांवात (दारापुढच्या ओसरीत) किंवा खोलीतल्या खोलीत १० मिनिटं, दिवसातून तीनदा. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंचा व्यायाम सांगते, तेवढं यात बसतं. वेग असा की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. शेवाळलेल्या अंगणात मात्र मुळीच नको.

दुखण्याचं माप : व्यायाम करताना थोडं दुखलं आणि दुसऱ्या सकाळपर्यंत गेलं तर चालू ठेवा. सूज आली किंवा दुखणं रात्रभर राहिलं तर फेरे निम्मे करा. छातीत दाटलं, डावा हात किंवा जबडा भरून आला तर व्यायाम तिथंच थांबवून दवाखाना.

प्रश्न : सर्दी वारंवार होते म्हणून जलनेती सुरू केली. नाकात फार चुरचुरतं. विहिरीचं पाणी वापरते. — वाचक, पेडणे

चुरचुरणं मिठाच्या चुकलेल्या प्रमाणामुळे. अर्धा लिटर पाण्यात साडेचार ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा चमचा जेमतेम सपाट. कमी पडलं तरी झोंबतं, जास्त झालं तरी. पाणी अंगाला कोमट लागेल एवढंच.

विहिरीचं पाणी थेट नाकात घालणं आजच बंद करा. गोड्या पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमिबा असू शकतो. प्यायल्यानं काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूत शिरला तर बहुधा माणूस वाचत नाही. असं क्वचितच घडतं, पण टाळणं सोपं आहे : पाणी पाच मिनिटं खळखळून उकळा, झाकून कोमट होऊ द्या, मग वापरा. भांडंही त्याच पाण्यानं धुवून उलटं वाळवा. धुताना तोंडानं श्वास घ्या, पुढे वाकून मान एका बाजूला कलवा. नंतर नाक जोरात शिंकरू नका, पाणी कानात जातं. कान दुखत असेल तर नेती नाही.

प्रश्न : दिवेलागणीला एक माळ जप करते, पण मन सतत भरकटतं. मुलगी म्हणते, ध्यानाचं ॲप घे. जप सोडावा का? — वाचक, म्हार्दोळ

सोडू नका. ॲप जे करायला सांगेल त्यातलं बरंच तुमच्या माळेत आहे, फक्त ती बहुधा फार वेगात फिरते आहे.

माणूस सहसा मिनिटाला १२ ते २० श्वास घेतो. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास आला की हृदयाची गती आणि रक्तदाब एकमेकांशी चांगले जुळतात. इटलीतल्या संशोधकांनी २३ निरोगी माणसांवर केलेला अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २००१ साली छापून आला. लॅटिनमधली रोझरीची प्रार्थना आणि 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहाजवळ आला. शेजारच्या ख्रिस्ती घरातला संध्याकाळचा तेर्स, म्हणजे रोझरीच, आणि तुमचा जप शरीरावर एकाच वाटेनं काम करतात, हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं.

हिशोब असा : एका श्वासाला एक मणी धरला तर १०८ मण्यांना १८ मिनिटं लागतात. तुमची माळ चार-पाच मिनिटांत होत असेल तर तो जप धापेचा आहे. पूर्ण माळेचा आग्रह काही दिवस बाजूला ठेवा आणि २७ मणी घ्या, म्हणजे साडेचार मिनिटं. श्वास नाकानं सहज आत, साधारण चार मोजेपर्यंत. नाम बाहेर सोडताना, ओठ हलतील एवढ्या आवाजात, सहा मोजेपर्यंत. मनातल्या मनात म्हटलं की सुरुवातीला मन जास्त पळतं, म्हणून आवाज हवा. मुद्दाम खोल श्वास भरू नका. तसं केल्यानं रक्तातला कार्बन डायऑक्साइड घटतो, चक्कर येते, बोटांना मुंग्या येतात. श्वास रोखूनही धरू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच.

मन भरकटणारच. ते भरकटलं हे लक्षात येऊन पुन्हा मण्यावर येणं हाच सराव आहे, त्याला अपयश मानू नका. खुर्चीवर बसलात तरी चालतं. डोळे मिटून बसल्यावर काळजी उलट वाढत असेल तर अंगणात फेऱ्या घालत जप करा. दिवेलागणीलाच डास येतात, तेवढी खिडक्यांची काळजी घ्या.

प्रश्न : मधुमेह आहे. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन घेतो. श्रावणी सोमवार लहानपणापासून करतो. मुलगा करू देत नाही. — वाचक, म्हापसा

मुलाची काळजी अनाठायी नाही. मधुमेहाच्या देशव्यापी सर्वेक्षणाचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात गोव्याचं प्रमाण देशात सर्वाधिक, प्रौढांमध्ये २६.४ टक्के निघालं. म्हणजे तुमच्यासारखे उपवास करणारे प्रत्येक वाड्यावर आहेत. साखर काबूत असेल, किडनी आणि हृदय ठीक असेल तर बहुतेकांना सोमवार करता येतो, पण तयारीनं.

तुमच्या उपवासात दोन उलट धोके आहेत. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो नसो, स्वादुपिंडातून इन्सुलिन काढतंच, त्यामुळे सकाळी गोळी आणि दुपारपर्यंत काही नाही असं झालं की साखर खाली कोसळते. मेटफॉर्मिन एकटं असं सहसा करत नाही. मग दुपारी साबुदाण्याची खिचडी, केळं आणि गोड चहा आला की साखर वर उसळते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट. श्रावण लागण्याच्या आठवडाभर आधी डॉक्टरांकडे जा आणि सोमवारचा डोस किती व कधी, हे लिहून घ्या. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' असलेली गोळी चालू असेल तर ते मुद्दाम सांगा. उपाशीपोटी आणि कमी पाण्यावर तिच्यामुळे रक्तात आम्ल साचू शकतं.

ताटात हे ठेवा : राजगिऱ्याची एक भाकरी किंवा वाटीभर वरी, त्यापेक्षा जास्त नाही, सोबत दही, मूठभर भाजलेले शेंगदाणे, काकडी. रताळं उकडलेलं, छोटं, एकच. पाणी आणि बिनसाखरेचं ताक दिवसभर. निर्जळी करू नका. संध्याकाळी उपवास सोडताना खीर आधी नको, आधी भाजी-वरण.

बोटाला टोचून साखर पाहिल्यानं उपवास मोडत नाही. सकाळी, दुपारी खाण्याआधी, खाल्ल्यावर दोन तासांनी आणि पाचला पाहा. ७० च्या खाली आली, किंवा घाम, थरथर, धडधड, डोक्यात गोंधळ जाणवला, तर उपवास तिथंच मोडा : तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी, अजून कमी असेल तर पुन्हा तेवढंच. ३०० च्या वर गेली तरी उपवास थांबवा आणि डॉक्टरांना फोन करा. रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर चालू असेल तर धडधड जाणवत नाही, घाम तेवढा येतो. इन्सुलिनवर असलेल्यांनी हे उत्तर आपल्यासाठी आहे असं समजू नये, त्यांचं गणित वेगळं.

प्रश्न : वय ६४. दोन्ही मुलं आखातात. गेल्या चवथीपासून कशातच रस नाही. पूजा करते पण यंत्रासारखी. पहाटे तीनला जाग येते. लोक म्हणतात, भजनाला जा, मन रमव. उठवतच नाही. — वाचक, वास्को

तुम्ही लिहिलेली लक्षणं, म्हणजे रस जाणं, पहाटेची जाग, अंगातली ताकद जाणं, दोन आठवड्यांहून जास्त रोज असतील तर त्याला डिप्रेशन म्हणतात. हा आजार आहे. भक्ती कमी पडल्यानं तो होत नाही आणि 'मन रमव' म्हटल्यानं जात नाही. आधी जवळच्या आरोग्य केंद्रात जा. थायरॉइड, बी-१२ आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, कारण त्यांची कमतरताही हुबेहूब असंच चित्र उभं करते. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे. मरणाचे विचार येत असतील तर आजच, वरच्या १४४१६ वर किंवा थेट तिथं. औषध सुरू झालं तर परिणाम दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. बरं वाटू लागलं म्हणून स्वतःहून बंद करू नका.

आता घरी करण्याचं. ही पद्धत गोव्यातच तपासली गेली आहे. संगाथ या संस्थेच्या कामातून इथल्या आरोग्य केंद्रांत, डॉक्टर नसलेल्या पण प्रशिक्षण दिलेल्या समुपदेशकांनी तीव्र डिप्रेशनच्या रुग्णांबरोबर सहा ते आठ बैठकांत ती वापरली आणि नेहमीच्या उपचारापेक्षा जास्त लोक बरे झाले. 'लॅन्सेट'मध्ये हा अभ्यास २०१७ साली आला. मूळ विचार साधा आहे. वाटेल तेव्हा करू म्हटलं तर वाटतच नाही. म्हणून आधी करायचं, वाटणं मागून येतं.

पहिला आठवडा फक्त नोंद. वहीत सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्र असे रकाने पाडा. काय केलं आणि तेव्हा मन किती बरं होतं, शून्य ते दहा. रोज पाच ओळी पुरे. आठवड्यानं बघितलं की एखाद्या जागी दोनाऐवजी चार दिसतात : शेजारीण आली तेव्हा, किंवा अबोलीला पाणी घातलं तेव्हा. त्यातली दोन कामं निवडा आणि पुढच्या आठवड्यात वार, वेळ, जागा लिहून ठेवा. काम इतकं लहान हवं की वाईटातल्या वाईट दिवशीही होईल. 'भजनाला जाईन' हे मोठं झालं. 'गुरुवारी साडेपाचला शेजारणीबरोबर देवळापर्यंत जाईन, पाच मिनिटं बसेन, येईन' हे जमण्यासारखं. माणूस सोबत ठरला असेल तर होण्याची शक्यता फार वाढते.

इथं चुकतं ते असं. लोक वही कर्तव्यांनी भरतात : भांडी, वीजबिल, पूजा. निदान एक गोष्ट आवडीची हवी, पूर्वी आवडायची ती. एखादा दिवस चुकला की वही बंद होते. तसं झालं तर काम निम्मं करा, वही नको बंद करू. आणि मुलांचे फोन. केव्हाही येणाऱ्या फोनची वाट पाहण्यात दिवस जातो. आठवड्यातले दोन दिवस आणि वेळ पक्की करा, आणि फोनवर नुसतं 'जेवलीस का' न विचारता काहीतरी मिळून करा : व्हिडिओ लावून खतखतं शिजवा, त्यांना विचारू द्या की तिरफळं किती घालायची. पूजा यंत्रासारखी होत असेल तर होऊ द्या. ती चालू ठेवा, पण पंधरा मिनिटांचीच, आणि स्वतःला तिच्याबद्दल दोष देऊ नका. दोन आठवड्यांत आकडे जराही हलले नाहीत तर ती वही घेऊनच डॉक्टरांकडे जा. तिच्यावरून त्यांना खूप कळतं.

प्रश्न : पावसात जांघेत आणि कमरेला गजकर्ण. औषधाच्या दुकानातून मलम आणलं, तीन दिवसांत गेलं, आता दुप्पट आलं. — वाचक, साखळी

त्या मलमात बहुधा स्टेरॉइड मिसळलेलं आहे. ते खाज आणि लाली दाबतं, बुरशीला मोकळं रान देतं. नळीवर क्लोबेटासोल, बीटामेथासोन अशी नावं दिसली तर थांबवा आणि त्वचारोगतज्ज्ञांना ती नळी दाखवा. नुसतं बुरशीनाशक मलम दिवसातून दोनदा, चट्ट्याच्या कडेबाहेर दोन सेंटिमीटरपर्यंत लावतात आणि चट्टा दिसेनासा झाल्यावरही दोन आठवडे चालू ठेवतात. लोक तो गेला की थांबतात, म्हणून तो परत येतो.

ओले कपडे आल्याआल्या बदला, जांघ आणि बोटांच्या बेचक्या वेगळ्या टॉवेलनं कोरड्या करा. पावसाळ्यात आतले कपडे दोरीवर नुसते वाळत नाहीत, दमट राहतात; गरम पाण्यात धुवा आणि घालण्याआधी शिवणींवरून इस्त्री फिरवा. घट्ट जीन्स या चार महिन्यांत कपाटात ठेवा. घरात आणखी कुणाला चट्टे असतील तर सगळ्यांचे उपचार एकाच वेळी व्हायला हवेत, नाहीतर टॉवेलांवाटे तो घरात फिरत राहतो.